कढीपत्त्यावरची ती अळी मारू नका

बेळगावातून एका ताईंनी विचारलंय: "अनगोळच्या बाजूला आमचं नवीन घर झालं. मागे साधारण 20 बाय 30 फुटांची जागा आहे, पुढे गॅलरीत कुंड्या. फुलपाखरं यावीत म्हणून गुलाब, शेवंती, पेट्युनिया, हजारी झेंडू असं पुष्कळ लावलं. फुलपाखरं येतात, दोन मिनिटं भिरभिरतात आणि कंपाउंडवरून निघून जातात. टिकतच नाहीत. उलट कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या पडल्यात. सासूबाई म्हणतात, औषध मार. काय करू?"

ताई, आधी सासूबाईंना थांबवा. कढीपत्त्यावरच्या त्या अळ्या म्हणजेच तुमच्या बागेतली फुलपाखरं. तुम्ही ज्यांची वाट बघताय ती येऊन, अंडी घालून गेलीसुद्धा, आणि आता त्यांची पिल्लं जेवायला बसलीत.

उद्या सकाळी झाडापाशी उभ्या राहा आणि नीट बघा. मोठी अळी बोटाच्या दीड पेराएवढी, हिरवीगार, अंगावर तिरके तपकिरी पट्टे, पानावर उघड्यावरच निवांत बसलेली असेल. तिच्या डोक्यामागे हलकेच काडी टेकवा. दुबेळक्याच्या आकाराचं नारिंगी किंवा लाल शिंग सर्रकन बाहेर येईल आणि आंबूस, कुजकट वास सुटेल. मुंग्यांना आणि पाखरांना घाबरवायला तिच्यापाशी एवढंच हत्यार आहे, तुम्हाला त्याने काही होत नाही. त्याच झाडावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके दिसतील. त्याही अळ्याच, फक्त लहान. चार वेळा कात टाकेपर्यंत हे विष्ठेचं सोंग, आणि शेवटच्या टप्प्यात पानासारखा हिरवा रंग. हे लाइम बटरफ्लाय तरी असेल नाहीतर कॉमन मॉर्मन. पहिलं पिवळट-काळ्या ठिपक्यांचं, दुसरं काळंभोर, मागच्या पंखावर पांढऱ्या डागांची ओळ असलेलं. बेळगावात कढीपत्ता, लिंबू किंवा बेल असलेल्या घरी ही दोन्ही येतातच.

मी हे काम 22 वर्षं करतोय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे लोकांच्या परसात, शाळांच्या आवारात फुलपाखरांसाठी झाडं लावून दिलीत, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न आलाय. फुलं लावली तरी फुलपाखरं का थांबत नाहीत? वाटेवरच्या हॉटेलात चहाला कुणीही थांबतं, बाळंतपणाला मात्र माहेरच लागतं. फूल हे हॉटेल, आणि जिच्यावर अंडी घालायची ती वनस्पती हे माहेर. प्रत्येक जातीचं माहेर ठरलेलं असतं. कॉमन मॉर्मनची अळी लिंबाच्या कुळाबाहेरचं पान खाणार नाही, उपाशी मरेल पण तोंड लावणार नाही. तुमच्या बागेत हॉटेलं भरपूर झालीत, माहेर एकच आहे आणि त्यावर औषध मारायचं चाललंय.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या परसातल्या कढीपत्त्यापाशी कॉमन मॉर्मनची मादी घुटमळत होती. सरळ येऊन बसली नाही. आधी शेजारच्या जास्वंदीच्या पानाला पाय टेकवले, उठली. मग पेरूच्या, मग दारच्या तोरणाच्या आंब्याच्या पानालासुद्धा. फुलपाखराच्या मादीला चव पायांनी कळते. पानावर ती पुढचे पाय टपटप आपटते आणि आपलं झाड हे की नव्हे ते ओळखते. कढीपत्त्याच्या कोवळ्या शेंड्याला पाय लागले तशी ती थांबली. पंख फडफडतच होते, पण शेपटीकडचा भाग पुढे वळवून पानाच्या कडेखाली टेकवला, एक क्षण, आणि उडाली. पानाखाली राजगिऱ्याच्या दाण्याएवढं फिकट पिवळं गोल अंडं. एकच. मग पुढच्या फांदीवर दुसरं. सगळी अंडी एका जागी ठेवली तर पिल्लांना पाला पुरणार नाही, म्हणून ती अशी विखरून ठेवते.

अंड्यातून तीन ते पाच दिवसांत अळी निघते, दोन-तीन आठवडे खाते, मग कोष, आणि साधारण दहा-बारा दिवसांनी फुलपाखरू. उबेच्या दिवसांत सगळा खेळ महिन्याभराचा. थंडीत कोष जास्त दिवस रेंगाळतो, म्हणून वाळलाय समजून टाकून देऊ नका.

आता सासूबाईंचं म्हणणंही खोटं नाही. दोन फुटांच्या कुंडीतल्या कढीपत्त्याला पाच-सहा मोठ्या अळ्या लागल्या तर आठवड्यात नुसत्या काड्या उरतात, आणि रोज फोडणीला पान तर हवंच. माझा उपाय सोपा आहे: कढीपत्त्याची तीन झाडं ठेवा. जुन्या झाडाच्या मुळांतून फुटवे निघतात, शेजारी कुणाकडेही फुकट मिळतील. एक झाड स्वयंपाकघराचं, त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा टाकून खाली सुतळीने बांधा. दोन झाडं फुलपाखरांची. खाल्लेलं झाड मरत नाही, महिनाभरात नवी पालवी फुटते आणि त्या पालवीवरच पुढची मादी अंडी घालते. अनगोळातल्याच एका आजींनी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तावातावाने म्हणाल्या होत्या, "झाड खाऊन टाकलंय की वो सगळं!" आज त्याच आजी कोष दाखवायला गल्लीतल्या पोरांना हाक मारतात, आणि शेजारच्या कन्नड घरातली पोरं "पातरगित्ती, पातरगित्ती" करत धावत येतात.

तुमची 20 बाय 30 ची जागा या कामाला भरपूर आहे. आधी तिची दिशा बघा. आपल्याकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असा झोडपतो की फुलपाखराला पंख उघडून बसणं मुश्कील होतं. त्यामुळे उंच झाडं पश्चिमेच्या अंगाला, आणि पूर्वेची बाजू मोकळी, म्हणजे सकाळचं ऊन आत येईल. फुलपाखराचं अंग तापल्याशिवाय त्याला उडता येत नाही, म्हणून सकाळी आठ ते अकरा ही त्याची खरी वेळ. ऊन पडतं तिथे दोन चपटे दगड टाकून ठेवा, पंख पसरून बसतील.

पश्चिमेच्या भिंतीला एक लिंबू, एक सीताफळ आणि देशी कण्हेर. लिंबावर तुमचीच कढीपत्त्याची मंडळी येतील, आणि नशीब असेल तर ब्लू मॉर्मन, म्हणजे आपला नीलवंत. काळ्या मखमलीवर निळी झाक, तळहातापेक्षा मोठा. महाराष्ट्राने 2015 साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, देशात असं करणारं ते पहिलं राज्य. तुमच्या भागात तो क्वचित दिसेल, खानापूरकडे नेहमीचा आहे. सीताफळावर टेल्ड जे येतं, काळ्यावर पोपटी ठिपके असलेलं, फुलावर बसलं तरी पंख थरथरतच असतात. बंगल्यांच्या गेटवर रांगेने लावतात त्या उंच, खाली पानं झुकलेल्या अशोकावरही हेच वाढतं. कण्हेरीवर कॉमन क्रो. हे साधं तपकिरी-काळं, पण त्याचा कोष एकदा तरी बघाच. पानाखाली टांगलेला, आरशासारखा चकचकीत, सोनाराने घडवल्यासारखा. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो अळीने केलाय हे खरंच वाटत नाही.

कण्हेर आणि पुढे सांगतो ती रुई, दोन्ही विषारी. घरात रांगतं मूल असेल तर लावू नका किंवा हात पोचणार नाही अशा जागी लावा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते, छाटणी केल्यावर हात साबणाने धुवा.

रुई लोक घरात लावत नाहीत, पण शनिवारी मारुतीला माळ घालायला पानं लागतातच, ती मागच्या कोपऱ्यातच लावा. प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराचं माहेर तेच. काळे-पिवळे-पांढरे पट्टे आणि तीन जोड्या काळ्या शिंगांची ती अळी लपतच नाही. रुईचा चीक तिच्या अंगात भिनलेला असतो, एकदा खाऊन उलटी झालेलं पाखरू पुन्हा तो रंग विसरत नाही. मोठी अळी पुष्कळदा पान खाण्याआधी मधल्या शिरेला चावा घेते, चीक तिथेच गळू देते, आणि मग चीक न येणारा पुढचा भाग सावकाश खाते. रुईला जागा नसेल तर कुंडीत हळदीकुंकू लावा, लाल-पिवळ्या फुलांचं. तेही त्याच कुळातलं, त्यावरही प्लेन टायगर वाढतं, फुलातला रसही सगळ्यांना आवडतो. चीक मात्र तसाच जपून. दोन्हींवर पिवळा मावा पडतो. पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन टाका, बाकी काही नको.

हळदीकुंकू हेच नाव एका फुलपाखराचंही आहे, कॉमन जेझबेलचं. पंखांखाली हळद आणि कडेला कुंकवाची बोटं ओढल्यासारखी. ते आंब्यावरच्या बांडगुळावर वाढतं. आंब्याच्या जुन्या झाडाचं बांडगूळ काढताना एखादी फांदी राहू द्या, झाडाला तेवढं सोसतं. आणि आंब्याच्या पानावरच कॉमन बॅरनची अळी असते. ती मी पोरांना दाखवायची ठेवतो. पानाच्या मधल्या शिरेवर लांबट पडलेली, पाठीवर फिकट रेघ बरोबर शिरेला जुळवलेली, दोन्ही बाजूंना पिसासारखे काटे पानाच्या शिरांसारखे पसरलेले. हातभर अंतरावर ती समोर असते आणि दिसत नाही. एकदा मी एका पानावर बोट ठेवून म्हटलं, इथे आहे, तरी चौघांपैकी तिघांना सापडली नाही. केसाळ, काटेरी अळीला हात मात्र लावायचा नाही, हा नियम मुलांना पहिल्या दिवशीच शिकवा. शेवग्याच्या खोडावर थव्याने बसणारे सुरवंट पतंगाचे असतात, त्यांच्या केसांनी अंगावर पित्तासारखे चट्टे उठतात.

कुंपणाला कृष्णकमळाचा वेल चढवा, टॉनी कोस्टर येईल. त्याची अळी झुंडीने खाते, वेल एखाद्या महिन्यात बोडका होतो, पुन्हा फुटतो. मांडवाच्या खांबाला देशी ईश्वरी, जिला सापसण म्हणतात, ती मिळाली तर सोन्याहून पिवळं. कॉमन रोझ आणि क्रिम्झन रोझ, दोन्ही लाल अंगाची काळी फुलपाखरं, त्यांच्या अळ्या तिच्या कुळाबाहेरचं काही खात नाहीत. तुमच्या कढीपत्त्यावरच्या कॉमन मॉर्मनच्या काही माद्या हुबेहूब या रोझसारख्या दिसतात. रोझ विषारी, मॉर्मन नाही, पण पाखरांना फसवण्यापुरतं सोंग पुरतं. नर्सरीत बदकाच्या आकाराच्या मोठ्या फुलांची विदेशी वेल याच कुळातली म्हणून देतील. ती घेऊ नका. मादी तिच्यावरही अंडी घालते, पण अळ्या तगतीलच असं नाही. ईश्वरी औषधी आहे म्हणून तिचा पाला-मुळी घरात कुणी पोटात घेऊ नये, मूत्रपिंडाला घातक आहे.

उरलेल्या जागेत फरशी घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. नवीन घरं बांधली की कंपाउंडपर्यंत पेव्हर बसवतात आणि मग कुंडीत फुलपाखरं शोधतात. चार बाय चारचा तुकडा तसाच सोडा. पहिल्या पावसात टाकळा उगवेल. त्याची कोवळी भाजी तुम्ही करा, उरलेला एमिग्रंट आणि ग्रास यलो या पिवळ्या-पांढऱ्या मंडळींना. घोळ उगवेल. तिच्यावर डॅनेड एगफ्लाय वाढतं, ज्याची मादी थेट प्लेन टायगरचं रूप घेऊन फिरते आणि नर मात्र काळ्यावर जांभळ्या कडांचे पांढरे गोळे मिरवतो. उंच गवत राहिलं तर त्यावर इव्हिनिंग ब्राऊन, जे संध्याकाळी दिवा लावताना दारात शिरतं. हळदीचं पान कुणीतरी दुमडून गुंडाळलेलं दिसलं तर आत ग्रास डेमनची अळी असते. चार पानं गेली तर हळद कमी भरत नाही.

गॅलरीतल्या कुंड्यांसाठी एकच झाड सांगायचं तर पानफुटी. एक पान मातीवर टाकलं की रोप होतं, पाण्याचे नखरे नाहीत. रेड पिएरोची मादी त्यावर अंडी घालते. हे नाण्याएवढं फुलपाखरू, पंख मिटले की पांढऱ्यावर काळे ठिपके, उघडले की मागच्या पंखावर नारिंगी पट्टा. अळी पान बाहेरून खात नाही. ती पानाच्या जाड गरात शिरते आणि आतल्या आत बोगदा करत जाते. पान उजेडाकडे धरा, आत सावलीसारखी सरकताना दिसेल. मी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चार कुंड्या पानफुटी लावून दिली होती, दुसऱ्या पावसाळ्यात तिथे रेड पिएरो होतं.

आता फुलं. तुमच्या गुलाबाला, पेट्युनियाला आणि हजारी झेंडूला दोष देत नाही, ती माणसांसाठी घडवलेली आहेत. पाकळ्या इतक्या भरल्या की सोंड रसापर्यंत पोचत नाही, किंवा रसच राहिला नाही. फुलपाखराला बारीक नळीच्या फुलांचे झुबके हवेत, वर बसायला सपाट जागा असलेले. पेंटास लावा, लाल किंवा गुलाबी. देशी लाल एक्झोरा. निळ्या शेपटीसारखी फुलं येणारं जमैकन स्पाइक नर्सरीत मिळतं, बारा महिने फुलतं, त्याच्यावर मी एका सकाळी नऊ जाती मोजल्यात. एकेरी पाकळ्यांचं झिनिया आणि कॉसमॉस बियांपासून येतं. निर्गुडी, भारंगी. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्याच खुडू नका, लहान निळी फुलपाखरं त्यावर असतात. अंगणात उगवणारं एकदांडी हे तण उपटायच्या आधी दहा मिनिटं बघा, मग उपटायचा हात होणार नाही. टणटणीवर फुलपाखरं झेपावतात हे खरं, पण तिने आपली राखीव रानं आणि गायरानं गिळलीत. आधीच असेल तर असू द्या, नव्याने लावू नका. रंग एकेक विखुरण्यापेक्षा एकाच जातीची सात-आठ रोपं एकत्र लावा, वरून जाणाऱ्याला लांबून दिसतात.

शेतावर, रानात जागा असलेल्यांना अजून एक: तागाचा रानटी भाऊबंद खुळखुळा. ब्लू टायगर, कॉमन क्रो यांचे नर त्याच्या वाळक्या फांद्यांना आणि खरचटलेल्या पानांना सोंड लावून तासन्‌तास बसतात. फुलासाठी नाही. त्यातलं एक रसायन त्यांना मादीला रिझवायच्या गंधासाठी लागतं. भुरुंडीवरही हेच चालतं.

नरांना आणखी एक गोष्ट हवी असते, मीठ. भीमगड अभयारण्याच्या बाजूला ओढ्यांच्या काठी ओल्या वाळूवर शेकडो फुलपाखरं एकमेकांना चिकटून बसलेली दिसतात, ती पाण्यासोबत क्षार शोषत असतात. घरी जुनी परात घ्या, वाळू भरा, मूठभर जुनं शेणखत आणि चिमूटभर मीठ मिसळा, वाळू चिखलासारखी ओली ठेवा. पाणी वर तरंगायला नको, नाहीतर डास होतील. आणि दुसऱ्या ताटलीत जास्त पिकलेलं केळं, थोडा गूळ. बॅरन, इव्हिनिंग ब्राऊन अशी फुलांकडे फारशी न फिरकणारी मंडळी कुजलेल्या फळावर येतात. जांबोटीकडे मे महिन्यात फणस आणि काजूची बोंडं झाडाखाली सडतात तिथे हा मेळा बघायला मिळतो. ताटली दोरीने टांगा, मुंग्यांपासून वाचेल.

तुमच्या प्रश्नावरून उत्तर बेळगाव शहराचं झालं, पण हे इतरही वाचतील म्हणून सांगतो. आपला जिल्हा एका टोकाला ओला आणि दुसऱ्याला कोरडा आहे. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, पावसाळ्यात छत्री मिटत नाही आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीकडे आभाळाकडे बघत बसावं लागतं. खानापूर-जांबोटीवाल्यांनी ईश्वरी जरूर लावावी, कारण कर्नाटकाचं राज्य फुलपाखरू सदर्न बर्डविंग तिच्यावर वाढतं. काळे लांब पंख, मागे हळदीसारखा पिवळा, पंखांचा पसारा सात इंचांपर्यंत. झाडांच्या शेंड्यावरून एखादा पक्षी तरंगत गेल्यासारखं जातं. माशाच्या कालवणात तिरफळ घालता, त्याचं झाड परड्यात असेल तर मलबार बँडेड पीकॉकची वाट बघा, केरळने 2018 साली आपलं राज्य फुलपाखरू केलं ते. दालचिनीवर ब्लू बॉटल. म्हणजे एका परड्यात तीन राज्यांचे मानकरी येऊ शकतात. पण रोप किंवा वेल अभयारण्यातून उपटून आणू नका. बी आणा, तेही गावच्या हद्दीतून.

चिकोडी, रायबाग, अथणीच्या काळ्या जमिनीत ही झाडं लावून कष्ट वाया घालवू नका. तिथे बोर, तरवड, एरंड, रुई, बावची. बोरीवर कॉमन पिएरो, तरवडावर एमिग्रंट, एरंडावर कॉमन कॅस्टर, आणि बावचीवर तुमच्या कढीपत्त्यावरचंच लाइम बटरफ्लाय. बांधावर वाघाटी असेल तर तोडू नका. आषाढी द्वादशीला पारण्याच्या भाजीला तिची फळं लागतात, आणि तिच्यावर ग्रेट ऑरेंज टिप आणि कॉमन गल ही पांढरी फुलपाखरं वाढतात. डाळिंबवाल्यांना मात्र खरं सांगायला हवं: फळाला भोक पाडणारी सुरसा अळी ही एका फुलपाखराचीच. तिथे औषधापेक्षा फळाला लहानपणीच कागदी पिशवी बांधा.

कुठल्या अळीला कुठलं झाड हे आपल्याला कसं कळलं, असं मला मुलं विचारतात. सव्वाशे वर्षांपूर्वी टी. आर. बेल नावाचे वनाधिकारी कारवारच्या रानांत फिरून अळ्या गोळा करायचे, त्या पाळायचे आणि कुठली अळी काय खाते, तिचं फुलपाखरू कुठलं याची नोंद ठेवायचे. तेच बघणं तुम्ही तुमच्या परसात करू शकता. दोन-तीन अळ्या काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला कापड बांधा, रोज त्याच झाडाचं ताजं पान आणि खालची घाण साफ. फुलपाखरू निघालं की पंख वाळेपर्यंत दोन-तीन तास हात लावू नका, मग सकाळच्या उन्हात सोडा. पाचाहून जास्त एका बरणीत नको, रोग पसरतो.

औषधाबद्दल पुन्हा सांगतो, कारण मी याचा फटका खाल्लाय. एका शाळेच्या आवारात मुलांसोबत दोन वर्षं खपून बाग केली होती. रुई, कण्हेर, पानफुटी, सगळं लागलं होतं, आठवड्याला नवी जात दिसत होती. सुट्टीत कुणीतरी "कीड पडलीय" म्हणून अख्ख्या बागेवर कीटकनाशक मारून घेतलं. शाळा उघडली त्या दिवशी रुईच्या पानांखाली वाळून काळ्या पडलेल्या अळ्या मुलांनी मोजल्या. शंभरापर्यंत मोजून त्यांनी थांबवलं. एका मुलीने त्या सगळ्या वहीच्या कागदात गोळा करून झाडाखाली पुरल्या. मला ते अजून बघवत नाही.

सेंद्रिय म्हटलं म्हणून औषध सुरक्षित होत नाही. निंबोळी तेल, दशपर्णी अर्क यांनीही अळ्या मरतात, आणि बीटी नावाची जैविक पावडर तर खास अळ्या मारण्यासाठीच असते. नर्सरीतून आणलेल्या रोपात मुळातून भिनणारं औषध असू शकतं, म्हणून आणल्यावर महिना-दोन महिने ते वेगळं ठेवा, नवी पालवी येऊ द्या. शेजारच्या गल्लीत डासांसाठी धूर मारायला गाडी येणार असेल तर त्या संध्याकाळी अळ्यांच्या कुंड्या आत घ्या. उसाच्या शेताला लागून घर असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावं की खोडकिडीसाठी लावलेल्या ट्रायकोकार्डातल्या बारीक गांधीलमाश्या फुलपाखरांच्या अंड्यांतही आपली अंडी घालतात. शेतकऱ्याला ते कार्ड लावू नको म्हणायचं नाही, विषारी फवारणीपेक्षा ते कितीतरी बरं. आपली झाडं उसापासून जरा दूर ठेवायची.

अळ्या मरतीलही, ताई. बुलबुल नेतील, पाल खाईल, प्रार्थना कीटक पकडेल. हिरव्या अळीतून फुलपाखराऐवजी एक दिवस गांधीलमाशी निघेल. शंभर अंड्यांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी फुलपाखरं होतात, निसर्गाने तेवढा हिशेब धरूनच अंडी दिलीत. बुलबुलाला हाकलू नका, त्याचीही पिल्लं आहेत.

आता सप्टेंबर सरत आलाय. पाऊस ओसरला की नोव्हेंबरपर्यंत आपल्याकडे फुलपाखरांची सगळ्यात जास्त गर्दी असते. याच दिवसांत टायगर आणि क्रो पूर्वेच्या मैदानांकडून घाटाकडे परत येतात, कधी कधी एका दुपारी घरावरून सारखी एका दिशेने जाताना दिसतात. तेव्हा आत्ता कण्हेर, पेंटास आणि जमैकन स्पाइकच्या फांद्या लावून घ्या, जमिनीत ओल आहे. लिंबू, सीताफळ, ईश्वरी मिरगाच्या पावसावर लावा. पहिल्या वर्षी पाच-सहा जाती आल्या तरी बास. मादीला झाड सापडायला आणि झाडाला अळ्या पोसण्याइतकं वाढायला एक पावसाळा जातो, दुसऱ्या वर्षी फरक दिसतो.

आणि कढीपत्त्यावरच्या त्या मोठ्या अळ्या येत्या आठवड्यात अचानक खायच्या थांबतील, पातळ हगतील आणि झाड सोडून चालायला लागतील. घाबरू नका, आजारी नाहीत, कोषासाठी जागा शोधतात. खिडकीच्या गजाला, कुंडीच्या काठाखाली, जिन्याच्या पायरीखाली बघा. कमरेला रेशमाचा एक धागा बांधून, मागे रेलून बसलेला हिरवा किंवा तपकिरी कोष दिसेल. तेवढे दहा-बारा दिवस तिथे झाडू मारू नका, रंगकाम काढू नका. कोषाचा रंग गडद होऊन आतले पंख दिसायला लागले की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या सुमारास सासूबाईंना घेऊन तिथे बसा.